मुक्काम कोणाच्या नावावर?

बाबू, डब्लिनची नोकरी आवरून तू सूनबाईला घेऊन इकडेच राहायला येणार, हे दादानं सांगितलं. फार बरं वाटलं. घराचं, नोकरीचं, पोराच्या शाळेचं काय ते तुम्ही दोघं बघालच. मला बोलायचं आहे ते सूनबाईच्या कागदांबद्दल. तुझ्याजवळ भारतीय पासपोर्ट आहे, तुला इथे किती दिवस राहणार असं कोणी विचारणार नाही. ती आयरिश नागरिक आहे. तिचा इथला प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या परवानगीवर उभा असणार. ती परवानगी कशाच्या आधारावर मिळाली आहे, हे घरातल्या निदान तिघांना नीट माहीत असलं पाहिजे: तिला, तुला आणि दादाला.

माझी उभी नोकरी इथल्या आयुध निर्माणीच्या, म्हणजे फॅक्टरीच्या, एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये सर्व्हिस बुकं सांभाळण्यात गेली. आधार म्हणजे काय, हे फॅक्टरीच्या वसाहतीत, जवाहरनगरला, राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. क्वार्टर मिळतो तो नोकरीच्या आधारावर. बायको, मुलं, म्हातारी आई असे सगळे त्या एका माणसाच्या नावावर तिथे राहतात, आणि तो रिटायर झाला की ठरलेल्या मुदतीत सगळ्यांनाच निघावं लागतं. अंगणातला आंबा कोणी लावला, हे कोणी विचारत नाही. पुढे १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि १९६४ पासूनची आपली फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. कामगारांना आधी दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर दाखवलं, पुढे त्या मुदतीला मुदतवाढ मिळत गेली. तेव्हा पाळी सुटल्यावर गेटबाहेर एकच चर्चा असायची: काम तेच, मशीन तेच, पण आता आपण नक्की कशाच्या आधारावर आहोत? सूनबाईच्या बाबतीत हाच प्रश्न रोज विचारायचा आहे.

परदेशी माणसाला भारतात दीर्घ काळ राहायचं तर लग्न हा एक आधार आहे, मूळ भारतीय असणं हा दुसरा. नोकरी, शिक्षण, धंदा हे आणखी वेगळे. पण म्हातारपण हा आधार आपल्या देशात नाही. पन्नाशी उलटली आहे, बँकेत पैसा आहे, आता वैनगंगेकाठी शांत राहतो, असं म्हणणाऱ्या परक्या माणसासाठी आपल्याकडे रिटायरमेंट व्हिसाच नाही. म्हणून लग्नाचा आधार लवकरात लवकर पक्का करायचा आणि तो डळमळला तर पुढे काय, हे आधीच पाहून ठेवायचं.

आता सुरुवातीपासून सांगतो.

तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली का? झाली असतील तर इथे येण्याआधी, तिथूनच, डब्लिनच्या भारतीय दूतावासामार्फत तिच्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज कर. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ७-अ मध्ये भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळायची सोय आहे. अट अशी की लग्न नोंदवलेलं असावं आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते टिकून असावं. सुरक्षेची पडताळणीही होते, तिला वेळ लागतो. कार्ड आयुष्यभराचं असतं, कितीही वेळा ये-जा करता येते आणि पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. ते हातात घेऊन ती इथे उतरली तर वर्षावर्षाच्या मुदतवाढीच्या फेऱ्यात पडायची वेळच येणार नाही. दोन-चार महिने उशिरा या, पण कार्ड घेऊन या, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन वर्षं पूर्ण नसतील तर तिनं एंट्री व्हिसावर यावं. भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी असतो त्याला एक्स-२ म्हणतात. इथे एक मोह टाळायचा. ई-टुरिस्ट व्हिसा घरबसल्या चार दिवसांत मिळतो, म्हणून पुष्कळ जण त्यावरच येतात आणि मग इथे आल्यावर बदलून घेऊ म्हणतात. लग्नाच्या कारणानं व्हिसाचा प्रकार बदलून मिळतो हे खरं, पण तो मिळेपर्यंत घड्याळ टुरिस्ट व्हिसाचंच चालू असतं. शिवाय टुरिस्ट व्हिसावर भारतात असताना ओसीआयचा अर्ज करता येत नाही. राहायला यायचं असेल तर राहायच्याच व्हिसावर यावं.

एक्स-२ वर आली की विमानतळावर शिक्का पडल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसाला ही नोंदणी लागते. व्हिसावर काही वेगळी सूचना छापली असेल तर तीच शेवटची, म्हणून तिचा पासपोर्ट उघडून ती ओळ आधी वाच. नोंदणी आता ई-एफआरआरओच्या (विदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावरून होते. २०१८ पासून ही सोय सगळीकडे आहे. मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. तरी आपल्यासारख्या जिल्ह्यात विदेशी नागरिकांच्या नोंदणीचे अधिकारी जिल्हा पोलीस अधीक्षक असतात. तेव्हा कागद कॉम्प्युटरवरून गेला तरी चौकशी भंडाऱ्यातूनच होणार. त्या कार्यालयात ती आल्या-आल्या, पहिल्याच आठवड्यात, तिला घेऊन एकदा जाऊन ये. ज्या शाखेकडे हे काम आहे तिथल्या माणसानं चेहरा पाहिलेला असला की पुढे घरी पडताळणीला येणारा हवालदार पत्ता विचारत ठाणा पेट्रोल पंपावर उभा राहत नाही.

पडताळणीला कोणी आलं की घरात चिडचिड नको. तुम्ही दोघं खरंच एकत्र राहता का, घर कोणाचं, ती काय करते, हे विचारणं त्याचं काम आहे. चहा द्या, सरळ उत्तरं द्या. शेजाऱ्यांनाही विचारतील, म्हणून शेजारच्या मावशींना सून कोणत्या देशाची, हे माहीत असू द्या.

घरी परदेशी माणूस उतरला की घरमालकानं २४ तासांत सी-फॉर्म म्हणून ओळखला जाणारा फॉर्म भरायचा असतो. हॉटेलवाले भरतात, घरची माणसं विसरतात. आपली स्वतःची सून म्हटल्यावर तर कोणाच्या डोक्यातही येत नाही. दादाच्या नावानं आधीच सी-फॉर्मच्या संकेतस्थळावर खातं उघडून ठेव. ती ज्या दिवशी येईल त्याच रात्री भरून टाका आणि त्याची छापील प्रत फाईलला लावा. पुढे मुदतवाढीला किंवा ओसीआयला तोच कागद तिच्या इथल्या मुक्कामाचा पहिला पुरावा ठरतो.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या गावाची आहे. तुझी मावशी अजून फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहते, मावसोबांची नोकरी संपायला अवकाश आहे. सूनबाईला मावशीकडे मुक्कामाला न्यायचं तर आधी मावसोबांनी सुरक्षा विभागाकडे लेखी विचारावं, उत्तर लेखी यावं, मगच न्यावं. ही संरक्षण खात्याची जागा आहे, आत दारूगोळ्याचं काम चालतं. परदेशी पासपोर्टवालं माणूस तिथे सहज पाहुणं म्हणून जाऊ शकत नाही. हे ओसीआय कार्ड मिळाल्यावरही लक्षात ठेवायचं. कार्डधारक कायद्यानं परदेशी नागरिकच असतो, आणि संरक्षित किंवा प्रतिबंधित भागात जायला त्यालाही वेगळी परवानगी लागते. फॅक्टरीच्या भिंतीकडे कॅमेरा धरायचा नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी सांग. मावशीला म्हणावं, तूच ये चार दिवस दादाकडे.

आता लग्नाच्या दाखल्याचं. माझ्या मते निम्म्याहून जास्त अडचणी इथेच होतात, म्हणून जरा वेळ घेतो.

तुमचं लग्न डब्लिनला नोंदवलं गेलं, तो दाखला खरा. त्याच्यावर आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल घे. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे अपोस्टिल असलेला दाखला इथे चालतो. मागच्या उन्हाळ्यात आपण भंडाऱ्याला मांडव घालून अक्षता टाकल्या, जेवणं घातली, फोटो काढले, ते सगळं छान झालं. पण त्या तारखेवरून इथे कोणी पुन्हा विवाह नोंदणी करून देतो म्हणालं तर घेऊ नको. एका लग्नाचे दोन दाखले, दोन तारखा, दोन गावं झाली की ओसीआयचा अर्ज तपासणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारणार की लग्न नक्की कधी झालं. दोन वर्षं कोणत्या तारखेपासून मोजायची, हा प्रश्न मग आपणच उभा करून ठेवतो. एकच लग्न, एकच दाखला, आणि सगळीकडे तोच.

ज्यांचं लग्न इथेच व्हायचं आहे, त्या तुझ्या मित्रांना सांग: जोडीदार परदेशी आणि वेगळ्या धर्माचा असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ प्रमाणे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला असावा लागतो, नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न उरकावं लागतं. या मुदती आणि तिच्या व्हिसाची मुदत दोन्ही कॅलेंडरवर शेजारी-शेजारी मांडून मगच तारीख काढावी. मुहूर्त त्यात बसवता येतो. देवळात किंवा चर्चमध्ये लग्न झालं आणि नोंदणी सावकाश दोन वर्षांनी केली तर ओसीआयसाठीची वाट नाहक लांबते. नोंदणी त्याच आठवड्यात करावी.

नावांचं तर विचारूच नको. आपल्याकडे नाव, मधे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तिच्या पासपोर्टवर तिचं माहेरचंच नाव आहे, आणि तेच राहू दे. गृहप्रवेशाला तांदळाच्या ताटात आईनं अंगठीनं काढलेलं नाव घरात हाक मारायला ठेव, कागदावर आणू नको. मी सर्व्हिस बुकांमध्ये हेच वर्षानुवर्षं पाहिलं. नॉमिनेशनमध्ये बायकोचं सासरचं नाव, बँकेत माहेरचं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. माणूस गेल्यावर ती बाई प्रतिज्ञापत्रं करत फिरायची. तेव्हा सूनबाईचं नाव लग्नाचा दाखला, भाडेकरार, बँक, सी-फॉर्म सगळीकडे अक्षराला अक्षर पासपोर्टप्रमाणे. तुझ्या पासपोर्टवर पत्नीचं नाव घालून घे, तेही तिच्या पासपोर्टवरचंच. आणि वीजबिल दादाच्या नावावर आहे, तर तुम्ही दोघं तिथे राहता याचा नोटरी केलेला कागद दादाकडून घेऊन ठेव. राहत्या पत्त्याचा पुरावा प्रत्येक अर्जाला लागतो.

मुदतवाढ लागलीच तर मुदत संपायच्या महिना-दोन महिने आधी अर्ज टाकायचा. आदल्या आठवड्यात नाही. अर्जाची पोच डाउनलोड करून ठेवायची, त्रुटी काढली तर त्याच दिवशी उत्तर द्यायचं. मुदत उलटून राहणं हा साधा मामला नाही. १९४६ चा विदेशी व्यक्ती कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून २०२५ चा इमिग्रेशन आणि विदेशी व्यक्ती कायदा लागू झाला आहे. त्यात मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. घाबरवत नाही, पण वेळेला कागद टाकणाऱ्याला यातलं काहीच लागू होत नाही.

मूळ सूत्र आता सांगतो. आधार बदलायचा असेल तर नवा आधार हातात येईपर्यंत जुना सोडू नका. एक्स-२ वरून ओसीआयकडे जाताना कार्ड येणारच आहे म्हणून व्हिसाची मुदतवाढ टाळू नका. कार्डाच्या अर्जाची पोच म्हणजे राहायची परवानगी नव्हे. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू राहिले तर चार पैसे जास्त जातील, जाऊ दे.

तुझंही यात एक वळण आहे. आयर्लंडचं नागरिकत्व घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं दादा म्हणत होता. आयर्लंड दोन नागरिकत्वं चालवून घेतो, भारत घेत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. मग सूनबाईचा आधार 'भारतीय नागरिकाची पत्नी' हा राहतच नाही! तो 'ओसीआय कार्डधारकाची पत्नी' असा व्हायला हवा, आणि त्यासाठी आधी तुझं स्वतःचं कार्ड लागेल. म्हणून क्रम असा ठेव: आधी भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून तिचं कार्ड काढून घे. त्यानंतर तुला आयरिश पासपोर्ट घ्यायचा तर घे. पण घेतल्यावर भारतीय पासपोर्ट लगेच जमा कर, रीतसर प्रमाणपत्र घे, आणि तुझ्या ओसीआयचा अर्ज टाक. जुन्या पासपोर्टवर 'एकदाच जाऊन येतो' असं करायचं नाही, त्याला दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो डाग दिसतो.

तुझ्या ताईचं प्रकरण वेगळं आहे, ते तिलाही वाचायला पाठव. ती आणि जावईबापू दोघं अमेरिकन नागरिक, दोघंही जन्मानं इथले, आता साठीला आले, रिटायर होऊन परत यायचं म्हणतात. एजंटानं सुचवलं की जावईबापूंचं कार्ड आधी काढू, मग त्यांची पत्नी म्हणून ताईचं सोपं जाईल. अजिबात नको. ताई स्वतः भारताची नागरिक होती. तिनं कार्ड स्वतःच्या मुळाच्या आधारावर घ्यावं, स्वतःच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर. लग्नाच्या आधारावरचं कार्ड कलम ७-ड प्रमाणे लग्न मोडलं तर रद्द होऊ शकतं. मुळाच्या आधारावरच्या कार्डाला लग्नाशी काही देणंघेणं नाही. जुना पासपोर्ट सापडत नसेल तर जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दादा-वहिनींचे कागद जमवावे लागतील. ताईचा जन्म फॅक्टरीच्या दवाखान्यातला आहे. नोंद कुठे आहे ते मी शोधून ठेवतो.

ताईनं परत येताना दोन-तीन गोष्टींची खूणगाठ बांधावी. अमेरिकेचा मेडिकेअर इथल्या दवाखान्याचं बिल देत नाही, इथला आरोग्य विमा वेगळा घ्यावा लागेल आणि साठीनंतर तो महाग पडतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे राहिलं की कराच्या दृष्टीनं ती इथली रहिवासी धरली जाते. तेव्हा कोणत्या महिन्यात यायचं हे सीएला विचारून ठरवावं. आणि दादाची धानाची शेती. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही घेता येत नाही, वारसानं मात्र मिळू शकते. दादाच्या मनात ताईला वाटा द्यायचा असेल तर तो मृत्युपत्रात लिहावा, आत्ताच, धडधाकट असताना.

बँकॉकला आपल्या आत्याचा मुलगा आहे, त्याचं उदाहरण देतो, कारण तिकडे लग्न आणि रिटायरमेंट हे दोन्ही आधार खरोखरच समोरासमोर उभे आहेत. त्यानं थाई मुलीशी लग्न केलं आणि लग्नाच्या आधारावर दरवर्षी एक-एक वर्षाची मुदतवाढ घेतली. त्यासाठी तिथल्या बँकेत चार लाख बाट दोन महिने आधीपासून पडून असावे लागतात किंवा महिना चाळीस हजार बाटचं उत्पन्न दाखवावं लागतं. शिवाय दरवर्षी बायकोनं कार्यालयात सोबत यायचं, घरातले दोघांचे फोटो, घराचा नकाशा, आणि निकालाला सहसा महिनाभर थांबायचं. पन्नाशी ओलांडल्यावर त्यानं रिटायरमेंटच्या आधारावर मुदतवाढ घ्यायचं ठरवलं. कागद कमी, बायकोच्या सहीची गरज नाही. पण रक्कम दुप्पट: आठ लाख बाट, अर्जाच्या दोन महिने आधीपासून आणि नंतर तीन महिने, त्यापुढेही खात्यात चार लाखांच्या खाली जायचं नाही, नाहीतर महिना पासष्ट हजार बाटचं उत्पन्न. दुसरी मोठी गोष्ट, रिटायरमेंटवर असताना काम करता येत नाही, लग्नाच्या आधारावर वर्क परमिट काढून करता येतं. मी त्याला सांगितलं होतं की क्लासमध्ये शिकवणं पूर्ण बंद करायची तयारी असेल तरच बदल. त्यानं चालू मुदत संपायच्या कितीतरी आधी पैसे भरून ठेवले, पुढच्या मुदतवाढीलाच आधार बदलला, मधे एक दिवसही रिकामा सोडला नाही. तिथे देशाबाहेर जाताना री-एंट्री परमिट घेतलं नाही तर उरलेली सगळी मुदत बुडते, आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. हे त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलं आहे. सूनबाईच्या तारखा तूही तशाच लिही, नुसत्या मोबाईलमध्ये ठेवू नको.

आता अवघड भाग. लग्न मोडलं तर काय, आणि तू नसलास तर काय. घरात हे बोलायला कोणी तयार नसतं, दादा तर अजिबात नाही. पण परक्या देशात आलेल्या मुलीच्या बाबतीत हे न बोलणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं आहे. लग्न कोर्टानं किंवा अन्य रीतीनं संपलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय कार्ड रद्द करता येतं, असं कलम ७-ड सांगतं. रद्द करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती संधी घ्यायची, नोटिशीला वेळेत उत्तर द्यायचं. तू गेलास तर पुढे तिचा मुक्काम कसा, याचं उत्तर गावातल्या कोणाच्या तोंडी सल्ल्यावर घ्यायचं नाही. मृत्यूचा दाखला हातात आल्याबरोबर एफआरआरओला लेखी विचारायचं आणि उत्तरही लेखीच घ्यायचं. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून तेव्हा हे काम करणारा घरातला एक माणूस आत्ताच ठरवून ठेवा. मी असेन तर मी करीन, नसेन तर ताई.

सूनबाईला आणखी पक्कं व्हायचं असेल तर एक वाट आहे. भारतीय नागरिकाशी लग्न झालेली आणि सात वर्षं इथे सर्वसाधारण राहिलेली व्यक्ती कलम ५ प्रमाणे नोंदणीनं भारताचं नागरिकत्व मागू शकते. पण मग आयरिश नागरिकत्व सोडावं लागेल. तिचे म्हातारे आईबाप तिकडे आहेत. हा निर्णय पूर्ण तिचा. सासरच्या एकानंही त्यात शब्द टाकायचा नाही, मीही नाही.

कार्ड आल्यावर सगळे निर्धास्त होतात, तिथेच चूक होते. लग्नाच्या आधारावरच्या कार्डाचा एक नियम आहे. दर नव्या पासपोर्टच्या वेळी नवा पासपोर्ट, नवा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं घोषणापत्र ओसीआयच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांत चढवायचं. ताईच्या कार्डाला घोषणापत्र लागत नाही, पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की एकदा पासपोर्ट आणि फोटो चढवला की झालं. पोराचं वेगळं: विशीपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टला कागद चढवायचे, आणि विशीनंतरचा पहिला पासपोर्ट निघाला की कार्ड एकदा नव्यानं काढून घ्यायचं. अर्थात त्याला भारतीय पासपोर्टच ठेवणार असाल तर हे काहीच नाही. त्याचा जन्म तिकडचा, तर दूतावासात नोंद वर्षाच्या आत झाली होती का, ते तपास.

शेवटचं काम. हे सगळे अर्ज तू भरशील, कारण तुला सवय आहे. तरी ई-एफआरआरओचं आणि ओसीआयचं खातं तिच्या ईमेलवर, तिच्या मोबाईल नंबरवर उघड, पासवर्ड तिचाच असू दे. मूळ पासपोर्ट, अपोस्टिल असलेला दाखला आणि कार्ड तिच्या कपाटात राहतील, दादाच्या पेटीत नाही. तुझ्याकडे फक्त झेरॉक्स. इथे आल्यावर मी तिला एकदा शेजारी बसवून फाईल लावून देईन: तारखेप्रमाणे, नवा कागद वर, आणि पहिल्या पानावर प्रत्येक मुदतीची तारीख इंग्रजीत, तिला वाचता येईल अशी.